नाकाची साक्ष



रोगराईचा इतिहास आपण बहुधा मृत्यूच्या नोंदवहीवरून लिहितो. किती माणसे गेली, किती गावे ओस पडली, सरकारने कोणते हुकूम काढले, हे सारे दप्तरात सापडते. म्हणून त्याचाच इतिहास होतो. पण जो माणूस आजारी पडला, चार दिवस घरात निजून राहिला आणि पुन्हा उठून कामाला लागला, त्याच्यासाठी दप्तरात रकाना नसतो. आणि गंमत अशी की, कोणत्याही साथीत अशाच माणसांची संख्या सर्वांत मोठी असते. आजचे भाषण या बिनरकान्याच्या माणसांविषयी आहे, आणि त्यांच्या एका विलक्षण दुखण्याविषयी आहे. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा ज्यांना रोग अगदी हलका झाला अशा असंख्य लोकांना एकाएकी वास येईनासा झाला, आणि वासामागोमाग तोंडाची चवही गेली. हे लक्षण लहान, पण त्याने मोठी साक्ष दिली. ती साक्ष आपण कितपत ऐकली, हे पाहण्यासारखे आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही गावे मी उदाहरणासाठी घेतो. ही रेल्वेने वाढवलेली गावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, आणि पुढल्या वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, ती कल्याणला पोचली. कल्याणला लोहमार्गाला दोन फाटे फुटतात : एक कसाऱ्याचा घाट चढून नाशिककडे जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाटाने पुण्याकडे. म्हणून मुंबईत जे येते ते कल्याणवरून देशावर जाते, मग तो माल असो, माणूस असो की रोग असो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा आगगाडीच्या उतारूंना वाटेत उतरवून वैद्यकीय तपासणी होऊ लागली. त्याच धामधुमीत १८९७ चा साथरोग कायदा झाला, आणि सव्वाशे वर्षांनी करोनाच्या वेळी सरकारने पुन्हा तोच कायदा बाहेर काढला. १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला आणि तोही रेल्वेच्या रुळांवरून आत शिरला. त्या साथीत एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. त्या मेलेल्यांची मोजदाद झाली. उठून बसलेल्यांची कोण करणार?

आता २०२० च्या मार्च महिन्याकडे येऊ. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि त्या रात्रीपासून उपनगरी गाड्या थांबल्या. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली. तो दिवस गुढीपाडव्याचा होता. ज्या डोंबिवलीतून नववर्षाच्या स्वागतयात्रेची प्रथा सुरू होऊन महाराष्ट्रभर पसरली, त्या डोंबिवलीचा फडके रोड त्या दिवशी सुना होता. गुढ्या मात्र घरोघर उभ्या राहिल्या, आणि रिवाजाप्रमाणे कडुनिंबाचा पाला, गूळ, ओवा, हिंग असा घासही लोकांनी तोंडात टाकला. वर्षाची सुरुवात कडू चवीने करावी असे आपले पूर्वज सांगून गेले. ती कडू चवच काही जणांना यापुढे कळेनाशी होणार होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

त्या दिवसांत रोगाची ओळख तीन खुणांवर चालत असे : ताप, खोकला आणि दम लागणे. सोसायटीच्या फाटकावर, दुकानाच्या दारात, कचेरीच्या पायरीवर पहारेकरी हातात पिस्तुलासारखे यंत्र घेऊन उभा असे. ते कपाळासमोर धरले की ताप कळायचा. ताप नसला की माणूस निर्दोष! पण कित्येकांना ताप आलाच नाही, किंवा एक दिवस कणकण येऊन गेली. मग सकाळी चहाचा पेला तोंडाला लावला, तर आले नाही, गवती चहा नाही, नुसते गरम गोड पाणी. घरची बाई फोडणी देत असते, मोहरी तडतडलेली कानाला ऐकू येते, पण हिंगाचा वास नाकाला येत नाही. उदबत्तीचा धूर डोळ्यांना दिसतो आणि नाकाला कळत नाही. सर्दी म्हणावी तर नाक मोकळे! माणूस गोंधळून जाई. आपल्यालाच काहीतरी भास होतो आहे असे त्याला वाटे, आणि घरच्यांनाही तसेच वाटे. “तोंडाला चव नाही” हे तर आपल्याकडे तापातून उठलेला प्रत्येक जण म्हणतोच. तेव्हा त्याकडे कोण लक्ष देणार?

जगात या गोष्टीकडे लक्ष कसे गेले, ही हकिगत बोधप्रद आहे. २० मार्च २०२० च्या सुमारास इंग्लंडमधील कान-नाक-घशाच्या डॉक्टरांच्या संघटनेने एक पत्रक काढले. क्लेअर हॉपकिन्स आणि निर्मल कुमार या दोघांनी ते लिहिले होते. अचानक वास येईनासा झालेला माणूस, त्याला दुसरे काही लक्षण नसले तरी, करोनाचा रुग्ण असू शकतो आणि त्याने स्वतःला वेगळे ठेवावे, असा त्याचा आशय होता. त्यात दक्षिण कोरियाचा दाखला होता. तेथे तपासणीत रोग आढळलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के लोकांत, आणि तेही सौम्य रुग्णांत, वास जाणे हेच प्रमुख लक्षण दिसले होते. दक्षिण कोरियातच हे का दिसावे? कारण तेथे धडधाकट दिसणाऱ्यांचीही मोठ्या प्रमाणावर तपासणी चालू होती. जेथे फक्त खाटेवरच्या रुग्णाला विचारले जात होते, तेथे हे लक्षण दिसणे कठीण होते. दम लागून तडफडणाऱ्या माणसाला “तुम्हाला हिंगाचा वास येतो का?” असे कोण विचारील? तात्पर्य, विचारले म्हणून कळले.

आपल्या देशात केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने १३ जून २०२० रोजी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या आणि गंध व चव जाणे ही लक्षणे अधिकृत यादीत घातली. दोनच दिवसांनी, १५ जूनला, अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी लोकल गाड्या पुन्हा सुरू झाल्या. मार्चअखेरीपासून त्या तारखेपर्यंत ठाणे-कल्याणच्या परिचारिका, सफाई कामगार, पोलीस, बँकेतले कारकून बसने मुंबईला जात-येत होते. त्यांच्यापैकी कोणाला नुसता वास येईनासा झाला असता, तर तो आजारी ठरवणारा नियमच नव्हता.

आणि समजा कळले, तरी बोलायचे कसे? भीती रोगापेक्षा मोठी होती. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात कल्याण-डोंबिवली महापालिकेने असा आदेश काढला की, मुंबईत नोकरीला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांनी रोज घरी परतू नये, त्यांची राहण्याची सोय मुंबईतच व्हावी. त्यावर मोठी ओरड झाली आणि तो मागे घेण्यात आला. पालिकेची अडचण खरी होती आणि त्या कर्मचाऱ्यांचा संतापही खरा होता. पण त्या हवेत “मला वास येत नाही” हे वाक्य म्हणजे स्वतःच्या दाराला स्वतः चिकटवलेला फलक होता. शेजारी बोट दाखवणार, मुलाबाळांची तपासणी होणार, आणि आपली रवानगी कल्याण-भिवंडी वाटेवरील रांजनोलीच्या टाटा आमंत्राच्या इमारतींत, म्हणजे पालिकेच्या विलगीकरण केंद्रात होणार. रोजंदारीवरचा माणूस म्हणे, चव गेली तर गेली, पोट तर भरते आहे!

आता थोडे शास्त्र पाहू. शिक्षक बंधुभगिनींना वर्गात करून दाखवता येईल असा एक सोपा प्रयोग सांगतो. मुलाला डोळे मिटायला सांगा, नाक चिमटीत धरायला सांगा आणि तोंडात चिमूटभर बडीशेप घालून चावायला लावा. गोडसर लागते एवढेच तो सांगेल. मग नाक सोडायला सांगा. क्षणात तो म्हणेल, “बडीशेप!” ही ओळख जिभेने दिली नाही, नाकाने दिली. जीभ गोड, आंबट, खारट, कडू असे ढोबळ प्रकार ओळखते. आल्याचा, जिऱ्याचा, आंब्याचा जो खास गुण आपण ‘चव’ म्हणून सांगतो, तो चावताना घशाच्या मागून नाकात चढणारा वास असतो. मिरचीचा तिखटपणा तर वासही नव्हे आणि निव्वळ चवही नव्हे. ती एक प्रकारची जळजळ आहे आणि तिचा निरोप वेगळ्या मज्जातंतूतून जातो. म्हणून वास गेलेली माणसे म्हणत, “तिखट लागतंय, खारट लागतंय, पण काय खातोय ते कळत नाही.” काहींची मात्र जिभेची चव आणि तिखटाची जाणीवही खरोखर मंदावली होती, असे जगभरच्या रुग्णांच्या पाहणीत दिसून आले.

वास ओळखणारा पडदा नाकाच्या अगदी वरच्या टोकाला, टपालाच्या तिकिटाएवढा असतो. त्यातील मज्जापेशींचे धागे चाळणीसारख्या हाडातून थेट मेंदूत जातात. वास टिपणारी माणसाची ग्राहक-प्रथिने सुमारे चारशे प्रकारची आहेत. ही प्रथिने बनवणारी जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली शोधून काढली आणि त्या कामाबद्दल २००४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाचा विषाणू या मज्जापेशींनाच मारतो की काय, अशी प्रथम धास्ती होती. पण २०२० च्या उन्हाळ्यातच दिसून आले की, विषाणूला आत शिरायला लागणारे दार त्या मज्जापेशींवर नसून त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. वात शाबूत आहे, पण दिव्यात तेल घालणारा आजारी पडला, असा हा प्रकार. तेल घालणारा बरा झाला की दिवा पुन्हा लागतो. म्हणूनच बहुतेकांचा वास दोन-तीन आठवड्यांत परत आला. साध्या सर्दीत शेंबडाने वाट तुंबते म्हणून वास येत नाही. येथे वाट मोकळी आणि दिवा मात्र विझलेला.

आपल्या जुन्या वैद्यांचे निरीक्षणही येथे आठवते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाच्या रोगांचे वर्णन आहे. त्यात ‘अपीनस’ या रोगाच्या लक्षणांत, रोग्याला गंध आणि रस दोन्ही कळत नाहीत, असे सांगितले आहे. तो रोग वेगळा, त्यात नाक चोंदते आणि सुकते. त्याला करोना म्हणणे हा अडाणीपणा होईल. पण नाक बिघडले की चवही जाते, हा संबंध वैद्याने रोग्याला विचारून, त्याचे ऐकून, शतकांपूर्वी टिपून ठेवला होता, एवढे निश्चित.

हे दुखणे हलक्या रुग्णांतच अधिक, हे कशावरून? युरोपातील अठरा रुग्णालयांतील अडीच हजारांहून अधिक रुग्णांची एक पाहणी २०२१ च्या आरंभी प्रसिद्ध झाली. सौम्य रुग्णांपैकी शंभरांत सुमारे शहाऐंशी जणांनी वास गेल्याचे सांगितले. मध्यम आणि गंभीर रुग्णांत हे प्रमाण शंभरांत चार ते सात एवढेच होते. शरीराने नाकाच्या उंबरठ्यावरच शत्रूशी झुंज दिली, म्हणून उंबरठ्याची मोडतोड झाली आणि आतले घर वाचले, असा एक तर्क आहे. तो तर्कच समजावा. गंभीर रुग्णाला वासाची तक्रार करण्याचे भान नसते, हेही लक्षात घ्यावे लागेल.

आपल्या पुण्यातील काम तर याहून उद्बोधक आहे. तेथील भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आयसर, आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय यांच्या संशोधकांनी २०२० साली वास मोजण्याचे एक यंत्र वापरून पाहिले. ठरावीक प्रमाणात गंध नाकाशी सोडायचा आणि तो कळतो का ते पाहायचे. ज्यांना काहीच लक्षण नाही म्हणून नोंद झाली होती, अशा बाधितांपैकी पाचांत जवळजवळ चौघांच्या गंधज्ञानात दोष सापडला. स्वतःहून तशी तक्रार करणारे त्यामानाने फारच थोडे होते. म्हणजे माणसाला स्वतःच्या नाकाचे स्वतःलाच कळत नव्हते! डोळ्याने अंधुक दिसू लागले की आपण चष्मा करतो. नाक मंद झाले तर महिनोन् महिने पत्ता लागत नाही.

त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईतील तीन विभागांत लोकांच्या रक्ताची पाहणी झाली. झोपडवस्तीत शंभरांत सुमारे सत्तावन्न आणि इतर वस्तीत सुमारे सोळा जणांना रोग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. यांतील बहुतेकांना दवाखान्याची पायरी चढावी लागली नव्हती. हेच ते बिनरकान्याचे लोक. ठाणे-कल्याण त्याच रेल्वेने मुंबईला जोडलेले आहे. तेव्हा येथील घरांतून वेगळे काही घडले असेल असे मानायला जागा नाही.

“वास गेला तर काय बिघडले, जीव तर वाचला,” असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी सांगेन की, नाक हा घराचा पहारेकरी आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. ज्याचे नाक बंद, त्याला ही सूचना मिळत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीभोवती राहणारे लोक रसायनांच्या दर्पाविषयी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. तेथे तर नाक हाच पहिला इशारा. तीच गोष्ट करपलेल्या दुधाची, विटलेल्या भाजीची, खवट झालेल्या शेंगदाण्याची. आपल्या मराठीत वासाला किती शब्द आहेत पाहा : खमंग, खरपूस, करपट, कुबट, आंबूस, खवट, उग्र. हे शब्द आपल्या आयाबायांनी चुलीपाशी उभे राहून घडवले आहेत. ज्या बाईला खमंग आणि करपट यांतला फरक कळेनासा झाला, तिच्या हातचे कसबच गेले. मीठ-मसाल्याचा अंदाज चुकू लागला की घरात तिला बोलणी बसत. आणि तिला काय झाले आहे हे तिलाही सांगता येत नसे. पोराच्या टाळूचा वास येत नाही म्हणून रडणाऱ्या आईला कोणते औषध द्यायचे?

काहींच्या बाबतीत तर पुढे वास परतला तो उलटा होऊन. कॉफी, तळलेला कांदा, लसूण, अंडे यांचा कुजका, जळका वास येऊ लागला. ज्या फोडणीने भूक लागायची तिने मळमळू लागे. ही अवस्था महिनोन् महिने टिकली. मज्जापेशी नव्याने जोडल्या जाताना निरोपांची अदलाबदल होते, असे तिचे कारण सांगतात. युरोपातील ज्या पाहणीचा उल्लेख मी केला, तिच्यात सहा महिन्यांनंतरही तपासणीत शंभरांत सुमारे पाच जणांचे गंधज्ञान पूर्ण सुधारलेले नव्हते. शंभरांत पाच ही संख्या लहान वाटते; पण बाधित झालेल्यांची गर्दी कोट्यवधींची असली की पाचांचेही लाखो होतात.

यावर रामबाण औषध नाही, पण एक साधा व्यायाम आहे. जर्मनीतील ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल यांनी तो २००९ साली प्रसिद्ध केला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास सकाळ-संध्याकाळ एकेक करून शांतपणे हुंगायचे आणि त्या वासाची आठवण मनात जागवायची. हे निदान बारा आठवडे करायचे. चारही वस्तू आपल्या गावात मिळतात, खर्च जवळजवळ नाही. सगळ्यांना गुण येतो असे नाही, पण पुष्कळांना येतो. वास अजूनही मंद असेल त्यांनी गॅसची नळी वेळच्या वेळी तपासून घ्यावी, अन्न शिळे आहे की नाही ते दुसऱ्याला हुंगायला सांगावे, आणि डॉक्टरला एकदा दाखवावे. कारण वास जाण्याची कारणे करोनाखेरीज इतरही असतात.

२०२२ च्या आरंभी ओमायक्रॉन नावाचा विषाणूचा नवा अवतार पसरला, तेव्हा वास जाण्याचे प्रमाण बरेच उतरले. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. गाड्या पूर्ववत भरून वाहू लागल्या. माणसे विसरली. विसरणे हा माणसाचा धर्मच आहे आणि त्यावाचून जगणे अवघड झाले असते. परंतु इतिहासाच्या शिक्षकाने विसरून चालत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्या शाळेतील मुलांना घरोघर जाऊन चार प्रश्न विचारायला लावा. करोनाच्या काळात तुमचा वास किंवा चव गेली होती का? प्रथम कोणता वास कळेनासा झाला? परत आला तो कोणत्या वस्तूचा, आणि किती दिवसांनी? आणि त्या वेळी हे तुम्ही कोणाला सांगितले? नावे लिहू नयेत. गाव, वय आणि साल पुरे. आज जी मुले सहावी-सातवीत आहेत, ती तेव्हा अगदी लहान होती. त्यांच्या आईबापांच्या आठवणी अजून ताज्या आहेत. आणखी वीस वर्षांनी त्या पुसट होतील. चौथ्या प्रश्नाचे उत्तर विशेष जपून लिहावे. रोगाची खूण ओळखूनही माणूस गप्प का बसला, हे त्यातून कळेल. आणि पुढच्या साथीत त्याला बोलते कसे करायचे, हेही त्यातूनच शिकता येईल.

तापमापक यंत्र फाटकावर उभे होते तेव्हा खरा साक्षीदार स्वयंपाकघरात होता. त्याला विचारणाऱ्या देशांना त्याची साक्ष आधी मिळाली. ज्यांनी उशिरा विचारले त्यांना उशिरा मिळाली. मोठ्या रोगाची पहिली बातमी कधी कधी अगदी हलक्या आवाजात येते. ती ऐकण्यासाठी यंत्र लागत नाही. “तुला काय होतंय?” असे आपुलकीने विचारणारा माणूस लागतो, आणि ऐकलेले लिहून ठेवणारा हात लागतो. ती वही आपल्या शाळेच्या कपाटात राहो, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.